वही कधी उघडायची?

तुम्ही विचारलंत ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही दिसेल. मे महिन्यात गावच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये ८ ते १३ वर्षांच्या २२ मुलांचं १० दिवसांचं शिबिर घ्यायचं आहे, रोज ३ तास. विषय दोन, सर्जनशील लेखन आणि उत्स्फूर्त नाट्य. गेल्या वर्षी तुम्ही पहिला दीड तास लेखनाला आणि पुढचा दीड तास नाटकाला दिलात. लेखनाच्या तासाला ‘बाई, किती ओळी लिहायच्या?’ याखेरीज मुलं काही बोलेनात, आणि नाटकाच्या तासाला नुसती आरडाओरड, ढकलाढकली. शेवटच्या दिवशी पालकांना काहीतरी ‘बसवलेलं’ हवं होतं, म्हणून तुम्ही घाईघाईनं एक नाटिका स्वतःच लिहून दिलीत आणि ते अजून तुमच्या मनाला लागून राहिलंय. यंदा वेळेची वाटणी कशी करावी, हा तुमचा प्रश्न.

मी कुडाळच्या आसपास गेली १८ वर्षं उन्हाळी शिबिरं घेते. पहिली तीन वर्षं माझंही वेळापत्रक अगदी तुमच्यासारखंच होतं, त्यामुळे तुमच्या हॉलमध्ये काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. माझ्या मते अडचण वेळेच्या वाटणीत नाहीच. तुम्ही एका छपराखाली दोन वेगवेगळी शिबिरं चालवलीत. लेखनाच्या तासापर्यंत मुलांच्या वाट्याला लिहिण्याजोगं काही घडलेलं नव्हतं, आणि नाटकाच्या तासाला जे काही घडलं ते कुठे साठलं नाही, हवेत विरून गेलं. दीड तासाचा पाऊण तास केलात तरी तेच होईल. त्यापेक्षा स्वतःला असं विचारा की वही नेमकी कधी उघडायची? मला सापडलेलं उत्तर आहे, प्रसंग अर्ध्यावर असताना.

एक उदाहरण देते. आमच्याकडे मे महिन्यात एसटीत फणस घेऊन चढणारी माणसं रोजची, म्हणून मी एकदा दोन मुलांना एवढंच सांगितलं की, एक आजी, एक कंडक्टर, आजीच्या हातात फणस. कंडक्टर झालेला मुलगा म्हणाला, ‘फणसाचं तिकीट काढा.’ आजी म्हणाली, ‘तो मांडीवर बसतो माझ्या.’ सगळे हसले. कंडक्टरचा आवाज चढला, आजीनं फणस छातीशी घट्ट धरला आणि कंडक्टर म्हणाला, ‘मग उतरा खाली.’ आजी उठली. तिथे मी ‘स्टॅच्यू!’ म्हटलं. हा खेळ सगळ्या मुलांना येतो, शिकवावा लागत नाही. दोघं होते तिथे गोठले आणि बाकी सगळ्यांनी कागद ओढले. सूचना एकच, कंडक्टरच्या मनात आत्ता काय चाललंय? चार मिनिटं.

चौथीतल्या एका मुलानं लिहिलं, ‘माझी आजी पण अशीच होती. पण ड्युटी आहे.’ दोन वाक्यं. ती वाचल्यावर हॉल गप्प झाला. मग आम्ही प्रसंग तिथूनच पुढे सोडला. कंडक्टर झालेल्या मुलानं ती वाक्यं ऐकली होती, त्यामुळे त्याचा आवाजच बदलला. त्यानं खिशातून पैसे काढले, तिकीट फाडलं आणि आजीला म्हणाला, ‘बसा. पण पुढच्या वेळी कापून आणा.’

हे पाहिल्यावर मी वेळापत्रकातले दोन रकाने पुसून टाकले. मूल कोऱ्या कागदासमोर बसतं तेव्हा त्याला दोन कामं एकदम करावी लागतात. काय सांगायचं ते शोधायचं, आणि ते लिहायचं. दुसरं काम त्याला शाळेनं शिकवलेलं असतं, पहिलं कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून ते ओळी मोजतं. प्रसंग डोळ्यांसमोर तापलेला असतो तेव्हा शोधण्याचं काम झालेलं असतं, हात फक्त मागे धावतो. पण प्रसंग पूर्ण संपल्यावर वही उघडली तर उशीर होतो. तेव्हा मुलं अहवाल लिहितात, ‘मग आजी खाली उतरली. आम्हाला खूप मजा आली.’ कारण शेवट ठरून गेलेला असतो, लिहिणाऱ्यानं ठरवायचं काही उरत नाही. आजी उतरणार की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं, ती वेळ लिहिण्याची.

चार मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. पेन्सिली अजून चालू असतानाच थांबवा. ‘बाई, अजून थोडं!’ असा ओरडा झाला की तुमचं त्या दिवसाचं लेखनाचं काम झालं समजा. आठवड्यानंतर तीच मुलं घरून लिहून आणतात. त्यासाठी वेगळा गृहपाठ मी कधी दिलेला नाही.

आता हे कशावर अवलंबून आहे ते मोकळेपणानं सांगते, कारण माझ्याकडे जमलं ते तुमच्याकडे जसंच्या तसं जमेल असं नाही. ८ ते १३ ही फट फार मोठी आहे. आठ वर्षांच्या मुलाचं अर्धं बळ अक्षर काढण्यात जातं, आणि तेरा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांच्या मुलांसमोर घोडा व्हायचं नसतं. खेळ सगळ्यांचे एकत्र घ्या, प्रसंग आणि लेखन मात्र दोन गटांत. लहान गटाचं लेखन बरंचसं तोंडी चालेल. ती सांगतील, कोणीतरी मोठं उतरवून घेईल, पण शब्दाला शब्द. ‘तो घाबरून गेला’ असं मूल म्हणालं तर ‘तो भयभीत झाला’ असं लिहिणारा मदतनीस नको. २२ मुलांना किमान दोन मोठी माणसं हवीत, तीन असतील तर उत्तम. कॉलेजमधल्या मुली-मुलगे या कामाला चांगले मिळतात. एकट्याच असाल तर मी १४-१५ मुलांवर थांबले असते आणि बाकीच्यांसाठी दुसरी तुकडी जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आत घेतली असती.

भाषेबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण बहुतेक शिबिरं तिथे अडतात.

माझ्याकडे दरवर्षी दोन तऱ्हेची मुलं येतात. एक गावातलीच, आणि दुसरी सुट्टीत मुंबईहून आजीकडे आलेली चाकरमान्यांची मुलं. गावातली एक सहावीतली मुलगी प्रसंगात आई झाली होती. मुलगा उशिरा घरी आला तसं ती म्हणाली, ‘खंय होतंस इतको येळ? जेवान थंड झाला.’ त्या दोन वाक्यांत राग होता, काळजी होती, अख्खं घर होतं. पाच मिनिटांनी तिनं कागदावर लिहिलं, ‘आईने मुलाला विचारले की तू एवढा वेळ कुठे होतास. जेवण थंड झाले आहे.’ आई नाहीशी झाली. तिला कोणी सांगितलं नव्हतं की असं लिही, पण कागद दिसला की निबंधाची भाषा आपोआप येते. मुंबईच्या मुलांचं उलट. त्यांना मराठी बोलता येतं, काहींना छानच येतं, पण देवनागरी लिहिताना इतका वेळ जातो की वाक्य संपेपर्यंत विचार निसटतो.

मी दोन गोष्टी केल्या. गावातल्या मुलांना सांगितलं की पात्र जसं बोललं तसंच लिहायचं, बोलीत, चुकीचं दिसलं तरी. आणि मुंबईच्या मुलांना पहिले चार दिवस हव्या त्या लिपीत लिहू दिलं, रोमन अक्षरांत मराठी लिहिलं तरी चालेल. पाचव्या दिवशीपासून गावातलं एक मूल आणि मुंबईचं एक मूल अशी जोडी. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग उलटं. त्यातून कोणाची लिपी सुधारते, कोणाची बोली सुटते, आणि ते एकमेकांना चिडवणं थांबवतात, याचा मला सगळ्यात आनंद. तुमच्या गावात मालवणी नसेल, वऱ्हाडी असेल, अहिराणी असेल, घाटावरची असेल. तत्त्व तेच.

ही अडचण काही आपल्यापुरती नाही. नाट्यखेळांची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती बसवणाऱ्या व्हायोला स्पोलिन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये मुलांसोबत काम केलं होतं. घरोघरी वेगळी भाषा असलेल्या मुलांना एकत्र खेळता यावं, म्हणून खेळ शब्दांच्या आधी शरीरापासून सुरू होतात. मी भाषेची गाठ सुटेना की ‘अगडमबगडम’ घेते. दोन मुलं अर्थहीन भाषेत भांडतात आणि तिसरं मूल प्रेक्षकांसाठी दुभाष्याचं काम करतं. त्या खेळात कोणाचंच मराठी चुकत नाही.

शुद्धलेखनाचं काय, हे पालक विचारतातच. मी शिबिरात लाल पेन आणत नाही. दहाव्या दिवशी जो मजकूर भिंतीवर लागणार असेल, तेवढाच मुलासोबत बसून दुरुस्त करते, आणि तोही निवेदनाचा भाग. पात्रांच्या तोंडचं वाक्य मुलाच्या परवानगीशिवाय बदलायचं नाही. शाळेला वर्षभर व्याकरण शिकवायला वेळ आहे, दहा दिवस सोडले तर काही बिघडत नाही.

आता तुमची आरडाओरड. ‘उत्स्फूर्त’ या शब्दानं आपली फसगत होते. मनाला येईल ते करा, असा त्याचा अर्थ आपण मुलांपर्यंत पोचवतो. मला याचं उत्तर पुस्तकात मिळालं नाही, जत्रेत मिळालं. आमच्याकडे कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्र रात्र दशावतार रंगतो. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. नट तोंडाला रंग लावत बसलेले असतात तेव्हा कंपनीचा नाईक आजचं आख्यान सांगतो. राजा कोण, राक्षस कोण, कोणाच्या मागून कोणाचा प्रवेश, आणि गोष्ट कुठे न्यायची. बस. संवाद सगळे रंगमंचावर, पखवाज-पेटी-झांजेच्या साथीत, तिथल्या तिथे. लहानपणापासून मी ते समोर बसून पाहत होते. शिबिरं घ्यायला लागल्यावर एकदा रंगपटात जाऊन बसले, तेव्हा कळलं की नटांकडे संहिता नसली तरी शिदोरी भरपूर असते. पुराणातल्या कथा, ओव्या, वर्षानुवर्षं ऐकलेले सवाल-जवाब. आणि प्रत्येकाला आपण कोण, कुठे आणि कशासाठी आलो हे पक्कं ठाऊक असतं. मुलांना आपण दोन्ही देत नाही, शिदोरीही नाही आणि आख्यानही नाही. मग ती ओरडणारच. ओरडणं ही त्यांच्याकडची एकुलती एक शिदोरी असते.

आख्यान द्यायचं म्हणजे कोण, कुठे आणि हवंय काय, एवढं ठरवायचं. यातलं ‘कुठे’ सगळ्यात आधी. पहिले दोन दिवस माझ्याकडे प्रसंगांत संवादच नसतात. चार मुलांनी न बोलता एक स्वयंपाकघर उभं करायचं. एकानं फडताळ उघडलं तर दुसऱ्यानं त्याच जागी, त्याच उंचीवर उघडायचं. एखादं मूल ओट्यातून आरपार चालत गेलं की बाकीची मुलं ओरडून सांगतात. ज्या जागेला भिंती असतात तिथे मुलं धावत सुटत नाहीत. मी हे कितीदा पाहिलंय त्याची गणती नाही. लिहितानाही याचा फायदा होतो, कारण फडताळ हातानं उघडलेल्या मुलाच्या कागदात फडताळ येतं, डबे येतात, डब्यातला लाडू येतो.

शिदोरीसाठी माझा आवडता उद्योग म्हणजे ऐकलेलं वाक्य. रोज येताना प्रत्येकानं एक वाक्य आणायचं, घरात, दुकानात, रिक्षात कोणीतरी खरंच बोललेलं. स्वतः रचायचं नाही. पहिल्या दिवशी मुलं ‘जेवायला चला’ असली वाक्यं आणतात. तिसऱ्या दिवसापर्यंत कान तयार होतो. एकदा आलं होतं, ‘मीठ घातलंस की नुसतंच दाखवलंस?’ दुसरं, ‘फोन उचलू नको, मी घरी नाही.’ अशी वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायची. प्रसंग चालू असताना पात्रानं एक चिठ्ठी उचलायची आणि ते वाक्य जणू स्वतःचंच असल्यासारखं बोलायचं. पुढचा प्रसंग त्या वाक्यामुळे वळला पाहिजे. लेखन आणि नाट्य यांच्यात मला सापडलेला हा सगळ्यात छोटा पूल. आणि घरच्या बोलण्याकडे मुलं जे लक्ष देऊ लागतात ते शिबिर संपल्यावरही टिकतं. (पालकांना आधी सांगून ठेवा. घरातलं काहीही येऊ शकतं.)

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे प्रत्येक गोष्ट ‘मग सगळे मेले’ इथे संपते. माझ्याकडेही संपायची. मुलं वाईट विचार करतात म्हणून तसं होत नाही. गोष्ट पुढे कशी न्यायची हे सुचेना की मरण हा सर्वांत जवळचा दरवाजा असतो. मी मरायला बंदी केली तेव्हा भूकंप आले, मग उल्का. आता मी बंदी करत नाही, प्रश्न विचारते. तो मेला, ठीक आहे. त्याच्या चपला कोणी उचलल्या? त्याच्या मोबाइलवर फोन आला तेव्हा कोणी घेतला? हे प्रश्न कागदावर सोडवायचे. या एका युक्तीतून मला मुलांची सर्वांत शांत, सर्वांत खोल पानं मिळाली आहेत. आणि दोन दिवसांत मुलं आपण होऊन माणसं जिवंत ठेवायला लागतात, कारण आता त्यांना कळलेलं असतं की मेल्यावर काम वाढतं.

‘हो, आणि’ या नियमाबद्दलही थोडं. उत्स्फूर्त नाट्य शिकवणारे सगळे सांगतात की समोरच्यानं जे म्हटलं ते नाकारू नका, मान्य करा आणि त्यात भर घाला. नियम चांगला आहे. ‘हा बघ हत्ती’ म्हटल्यावर ‘कुठाय हत्ती?’ असं उत्तर आलं तर खेळ तिथेच मोडतो. पण नियम म्हणून तो पढवला तर मुलं नुसती माना डोलवतात आणि प्रसंगात कोणाला काही हवंसंच वाटत नाही. मी मुलांना चिऊ-काऊची गोष्ट आठवायला सांगते. काऊ पावसात भिजत दार ठोठावतो आणि चिऊ म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला पावडर लावते. ती दर वेळी नकारच देते, पण नुसतं ‘नाही’ म्हणत नाही. प्रत्येक नकारासोबत आत काय चाललंय ते थोडं थोडं दाखवते. म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या ते दार उघडण्याची वाट पाहत बसलो. तेव्हा माझ्याकडे नियम असा आहे की नकार चालेल, पण रिकामा नको. ‘थांब’ म्हणायचं आणि कशासाठी ते सांगायचं. आठ वर्षांच्या मुलांनाही हे लगेच कळतं. मोठ्या गटाला मी हीच गोष्ट कागदावर उतरवायला लावते. आजच्या गावातलं दार, ठोठावणारा कोण, आणि उघडणारी व्यक्ती कशाकशासाठी थांबवते.

इथपर्यंतचं एकत्र धरलं तर माझ्या एका दिवसाचा अंदाज येईल. सकाळी साडेआठला सुरू करते, कारण साडेअकरानंतर पत्र्याखाली बसवत नाही. अर्धा तास खेळ आणि ऐकलेली वाक्यं. मग प्रसंग, अर्ध्यावर ‘स्टॅच्यू’, चार मिनिटं लेखन, दोघातिघांचं वाचन, पुन्हा तोच प्रसंग. असे दोन फेरे. मध्ये कोकम सरबत आणि चुरमुरे. शेवटचा अर्धा तास पूर्ण शांत, तेव्हा ज्याला जे पुढे न्यायचं ते त्यानं न्यावं, चित्र काढावं, नुसतं बसावं. हा शेवटचा अर्धा तास कापू नका. दंगेखोर म्हणून ज्यांच्याबद्दल तक्रार येते, ती मुलं बऱ्याचदा तिथे उमलतात.

साहित्य फारसं लागत नाही. पाठकोरे कागद, पेन्सिली, एक लांब दोरी आणि कपड्यांचे चिमटे. मी वह्या देत नाही, वही पाहिली की मुलांना शाळा आठवते. पाठकोऱ्या कागदावर चुकायला भीती वाटत नाही, कारण त्याची एक बाजू आधीच कोणीतरी वापरलेली असते. नाटकासाठी दोन पंचे. पंचा पदर होतो, साप होतो, तान्हं मूल होतं, स्टिअरिंग होतं. वेशभूषेच्या पेटीवर पैसे घालवू नका.

आता तुमच्या मनाला लागलेला भाग, शेवटचा दिवस.

पालकांना दोष देऊ नका. मुलांचं नाटक म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर एक देखणी परंपरा असते. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत मुलांसाठी रंगभूमी उभी केली, पुढे रत्नाकर मतकरींनी चेटकिणी आणि राक्षस घरोघरी पोचवले. ती नाटकं पाहून वाढलेली माणसं आज पालक आहेत, आजी-आजोबा आहेत. त्यांना रंग, पोशाख, पाठ केलेले संवाद हवेसे वाटतात. पण ते लिहिलेल्या संहितेवर कसून तालमी करून उभं राहिलेलं काम होतं. दहा दिवसांत त्याची नक्कल करायला गेलं की शेवटचे चार दिवस पाठांतरात जातात आणि शिबिर ज्यासाठी घेतलं तेच मागे पडतं.

मी हे स्वतः केलंय. तिसऱ्या वर्षी मुलांच्या प्रसंगांतून एक नाटिका जुळवली आणि रात्री बसून त्यांची वाक्यं ‘सुधारली’. पाचवीतली एक मुलगी तालमीत अडखळू लागली. ती पाठांतरात हुशार होती, म्हणून मी बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, ‘हे मी नव्हतं म्हटलं.’ तिचं मूळ वाक्य मी शोधलं, तर ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. प्रयोगाच्या दिवशी तिनं माझंच वाक्य म्हटलं, कारण मी सांगितलं होतं. टाळ्या पडल्या. ती गोष्ट मला अजून बोचते.

त्यानंतर शेवटचा दिवस मी ‘उघडा दिवस’ म्हणून घेते. पालक येतात, गोलात बसतात. दोरीवर पानं टांगलेली असतात. मुलं तयार नाटिका सादर करत नाहीत, रोज करतात तेच समोर करतात. आख्यान पालकांमधलं कोणीतरी सुचवतं, मुलं प्रसंग उभा करतात, अर्ध्यावर ‘स्टॅच्यू’ होतं आणि कागद पालकांच्या हातात जातात. चार मिनिटं, त्या पात्राच्या मनात काय चाललंय ते लिहा. गेल्या वर्षी एका बाबांनी पेन्सिल हातात घेऊन विचारलं, ‘किती ओळी?’ आणि त्यांच्या मुलीनं सांगितलं, ‘मोजायच्या नाहीत, बाबा.’ मग एक पालक वाचतात, एक मूल वाचतं, त्याच पात्राबद्दल. आपल्या मुलाला काय येतं हे त्या दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं पोशाखी नाटिकेत कळत नाही, असं मला पालकच येऊन सांगतात. पण हे नवव्या दिवशी चिठ्ठी पाठवून जमायचं नाही. शिबिराचा अर्ज भरून घेतानाच स्पष्ट सांगा, की शेवटी बसवलेलं नाटक नसेल आणि तुम्हालाही लिहावं लागेल. ज्यांना नको असेल ते तेव्हाच दुसरीकडे जातील, आणि ते ठीक आहे.

विषय कोणते द्यायचे, हेही तुम्ही विचारलंत. माझा कल रोजच्या गोष्टींकडे आहे, म्हणजे वाटणीतली शेवटची करंजी, नवीन शाळेतला पहिला दिवस, बाबांची नोकरी गेली. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरचं काम पुण्यात आणलं, तेव्हापासून मराठी रंगमंचावर मुलांचे खरे प्रश्न मुलांच्या बाजूनं मांडले जाऊ लागले. मतकरींनीही पुढे ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे वस्त्यांमधली मुलं आपल्याच जगण्यातून नाटिका उभ्या करत आली. मुलांकडे सांगण्यासारखं काही नाही, असं मला कधीच वाटलं नाही. पण राजा-राक्षस नकोतच असंही नाही. लहान गटाला ते हवे असतात, आणि राक्षसाच्या तोंडून मूल जे बोलतं ते स्वतःच्या तोंडून बोलू शकत नाही.

यातूनच एक जबाबदारी येते. खऱ्या गोष्टी मागितल्या की खऱ्या गोष्टी येतात. कधी कागदावर घरातली मारहाण येईल, कोणाचा नकोसा स्पर्श येईल. म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवसापासून नियम आहे की कागद दुमडून ठेवला तर तो कोणी उघडायचा नाही, वाचून दाखवायची सक्ती नाही. पण मुलानं तो माझ्या हातात दिला, तर मी वाचते आणि गप्प बसत नाही. मुलाशी एकट्यानं, शांतपणे बोला. तपासणी केल्यासारखे प्रश्न विचारू नका, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण कदाचित सांगावं लागेल. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. तो आकडा हॉलच्या भिंतीवर मोठा लिहून ठेवा, मुलांना दिसेल असा. खेळात मारामारी आली तर ती फक्त स्लो मोशनमध्ये, आणि हात लावण्याआधी विचारायचं. हे दोन नियम मात्र मी पढवते.

प्रसंगात उभं राहायलाच नको, असं म्हणणारं एखादं मूल दरवर्षी असतं. त्याला ढकलू नका. ‘स्टॅच्यू’ कधी म्हणायचं, हे काम त्याच्याकडे द्या. प्रसंग नेमका कुठे तापला हे ओळखायला सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि काठावर बसलेलं मूल ते आधीपासूनच देत असतं. माझ्याकडे एक मुलगा नऊ दिवस फक्त तेवढंच करत होता. दहाव्या दिवशी त्यानं स्वतः म्हटलेल्या ‘स्टॅच्यू’नंतर कागद घेतला आणि चार मिनिटं संपल्यावरही तो लिहीत राहिला.

सगळी पानं शेवटी मुलांना परत द्या, मूळ पानं, झेरॉक्स नाही. तुम्हाला आठवण म्हणून हवी असतील तर तुम्ही झेरॉक्स ठेवा, तीही मुलांना विचारून. यंदाच्या २२ जणांपैकी तेरा वर्षांची मुलं पुढच्या उन्हाळ्यात वयानं बसणार नाहीत, त्यांना आत्ताच सांगून ठेवा की मदतनीस म्हणून या. माझ्याकडच्या तीनपैकी दोन मदतनीस अशीच आली आहेत, आणि लहान मुलं सांगतील ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायला त्यांना शिकवावं लागलं नाही.